इंदूकाकींचा दिवा मीच विझवला

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. म्हणाले, "ताई, घरातली सुरक्षितता, नवी यंत्रं, असं काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या. गृहिणींच्या उपयोगाचं. नुसत्या सूचना दिल्यात तरी चालेल." मी म्हटलं, सूचना गॅसच्या पावतीमागे छापलेल्या असतात आणि त्या पावतीवर लोक कणिक मळून झाल्यावर हात पुसतात. मला लिहायला सांगाल तर मी भांडणाचं लिहीन. ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत.

पेण हे माझं माहेर. तिथल्या गॅस एजन्सीत मी नोकरीला लागले आणि लग्न होऊन रोह्याला आले ती तिथल्या एजन्सीत निवृत्त होईपर्यंत राहिले. काम असं, की नवं कनेक्शन मिळालं की त्या घरी जायचं, शेगडी जोडायची, रेग्युलेटर कसा बसवायचा ते घरातल्या बाईच्या हातून करून घ्यायचं. तक्रार आली की पिशवी उचलून धावायचं. हे पुरुषांचं काम समजलं जायचं. पण पुरुष मेकॅनिक आला की सासूबाई त्याला ओटीवर बसवून चहा द्यायच्या, आणि गळकी नळी आत तशीच. म्हणून एजन्सीच्या शेठनी मला ठेवलं. स्त्रीमुक्तीशी त्याचा काही संबंध नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो वर जात नाही, खाचरात पाणी सोडावं तसा जमिनीवरून पसरतो आणि सखल जागा धरून बसतो. त्याला स्वतःचा वास नसतो. कुजक्या लसणासारखा जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, माणसानं नाक मुरडून उठावं म्हणून. त्यामुळे आम्ही वास उभ्यानं घेत नाही. कुणाच्याही घरात गेले की मी आधी वाकायचे. बायकांना वाटायचं मी पाया पडतेय, त्या आशीर्वाद देऊन मोकळ्या व्हायच्या.

ऐंशीच्या दशकात सिलिंडर घरात येणं म्हणजे सून येण्यासारखं होतं. हळदकुंकू, हार, पुढ्यात नारळ. मग उदबत्ती लावायची आणि निरांजन ओवाळायचं! मी तबक अडवायचे. "काकू, कुंकू लावा, साडी नेसवा हवी तर, पण याच्यासमोर दिवा आणायची सवय नको." पुष्कळजणींनी माझं ऐकलं, काहींनी माझ्या पाठीमागे ओवाळलं. पुरुषांची तऱ्हा वेगळी. नळी गळतेय का हे बघायला काडी पेटवून नळीवरून फिरवणारे शूर वीर मी डोळ्यांनी पाहिलेत. साबणाचा फेस लावला की गळतीच्या जागी फुगे येतात, हे त्यांना सांगितलं की त्यांना ते बायकी वाटायचं.

माझ्या पिशवीत कात्री कायम असे. पेणला घरोघरी पापड लाटतात. पिठाचे, तेलाचे हात नळीला लागतात आणि मग उंदीर नळीच कुरतडतो. अशा एका घरात कुरतडलेल्या जागेवर चिंधी गुंडाळून बायका बिनघोर पापड भाजून बघत होत्या. मी शेगडी बंद केली, रेग्युलेटर काढला आणि नळीचे दोन तुकडे केले. कापली नसती तर मी वळल्यावर पुन्हा लावली असती. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "आमची ऑर्डर हाय उद्या! कोण देईल गो पापड, तू?" मी म्हटलं, "नवी नळी आणा, मग मी लाटायला पण बसते." त्यांनी आणली, आणि मी खरोखर बसले. माझे पापड त्यांनी बाजूला काढून ठेवले, ते वेगळं.

गणपतीच्या कारखान्यातलीही एक गोष्ट आहे. पेणला मूर्ती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. श्रावणातल्या दमट हवेत मूर्ती वाळेना, म्हणून एका मालकानं मूर्तीखाली गॅसची शेगडी लावली होती आणि हाताच्या अंतरावर रंगाचे, थिनरचे डबे उघडे. मी सरळ शेगडी विझवली. रेग्युलेटर काढून पिशवीत टाकला आणि चालू लागले. तो रंगानं भरलेले हात वर धरून बाजारातून माझ्यामागे धावला. हात रंगाचे म्हणून त्याला मला धरताही येईना. पंखे आणल्यावर मी त्याला रेग्युलेटर परत दिला. पुढे तोच माणूस मला दर वर्षी गणपतीला पेढे पाठवायचा, आणि सोबत निरोप, 'पिशवी घेऊन येऊ नका.'

थोडक्यात, मी काही गोड स्वभावाची नव्हते. तसं असून चालतही नाही. पण रोह्याला आल्यावर मला एक वेगळाच शत्रू भेटला.

रोह्यात रसायनांच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून वास आला. त्या कंपन्यांवर आमची घरं चालली, माझ्या नवऱ्याचीही शिफ्ट तिथलीच, त्यामुळे वासाविरुद्ध कुणी फार बोलायचं नाही. संध्याकाळी वारा फिरला की कधी सडक्या अंड्यासारखा, कधी औषधासारखा, कधी नाव नसलेला वास यायचा. लोक म्हणायचे, "कंपनीचा वास हाय," आणि खिडक्या लावून घ्यायचे. नदीपलीकडच्या अष्टमी गावातही तेच. नदीवरच्या पुलानं वास काही अडत नाही. आता गंमत बघा. गॅस गळला तर दारंखिडक्या उघडायच्या. कंपनीचा वास आला तर लावायच्या. पेणची बाई घरात घाण वास आला तर निदान उठून बघायची की मेलं काय. रोह्याची बाई उठायची आणि खिडकी लावायची. या एका सवयीची मला जेवढी धास्ती होती तेवढी उंदरांची नव्हती.

अष्टमीतल्या इंदूकाकींच्या घरी हेच झालं.

काकींचं घर भाताच्या जमिनीवर उभं राहिलेलं. काकींचे मालक आप्पा, मुलगा सुधीर, सून वनिता आणि तिची दोन लहान मुलं. त्या वर्षी त्यांनी घरात लादी बसवली होती. लादी बसवताना स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधला उंबरा काढून टाकला, म्हणजे घर सपाट, नवं दिसतं. काकी नको म्हणत होत्या. "बिनउंबऱ्याचं घर म्हणजे धर्मशाळा," असं त्यांनी मलाही ऐकवलं होतं. पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

गणपती आले आणि नेमके आप्पा मुंबईच्या इस्पितळात. हृदयाचं ऑपरेशन. सुधीर त्यांच्यापाशी. घरचा गणपती चुकवायचा नाही म्हणून काकी मागे राहिल्या, आणि त्यांनी आप्पांच्या नावानं गणपतीपुढे नंदादीप लावला. विसर्जनापर्यंत तो विझू द्यायचा नाही. स्वतः शेजारी बसून तेल घालायच्या, जेवायला उठल्या तर वनिताला बसवायच्या. 

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एजन्सीत वनिताचा निरोप आला, शेगडी नीट पेटत नाही. मी गेले. सकाळी सिलिंडर संपला होता आणि शेजारच्या कुणीतरी नवा सिलिंडर जोडून दिला होता. रेग्युलेटर बसेना म्हणून ठोकून बसवला होता. मी ओटीवर पाय ठेवला तर घर बंद. सगळ्या खिडक्या लावलेल्या.

"खिडक्या का लावल्यात?" मी विचारलं.

"कंपनीचा वास येतोय मघापासून," वनिता म्हणाली. "आज जास्तच हाय."

मी बाहेरून आले होते. बाहेर वास नव्हता.

मी स्वयंपाकघरात शिरले आणि वाकले. घोट्याशी वास इतका दाट होता की डोळे चुरचुरले. शेगडी बंद होती, जेवणं उरकली होती. पण स्वयंपाकघरातून माजघरात लादी सरळ गेलेली, मध्ये उंबरा नाही, आणि समोर पाटाशेजारी, लादीवरच ठेवलेला काकींचा नंदादीप. त्याच्या पलीकडे चटईवर मुलं झोपली होती.

मला विचार करायला वेळ होता असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तिथं उभं राहून दाखवावं. मी दिव्यापाशी गेले, बसले आणि फुंकर मारली.

काकींनी माझ्या थोबाडीत मारली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "येड लागलाय काय तुला? आमच्या माणसाच्या नावचा दिवा हाय तो!"

मी म्हटलं, "नंतर आणखी मारा. मुलांना उचला आणि अंगणात जा." वनिता पंख्याच्या बटणाकडे धावली, तिच्यावर मी ओरडले. बटण चालू करताना ठिणगी पडते, बंद करतानाही पडते, आपल्याला दिसत नाही एवढंच. वारा फुकटचा असतो, दारं उघडली की येतो. मुलं बाहेर गेली. मी रेग्युलेटर काढला, सिलिंडरला बांधलेली टोपी घट्ट बसवली आणि सिलिंडर ओढत परसात नेला. काकी दाराशी उभ्या होत्या. आत गणपती एकटा.

सिलिंडरच्या तोंडातला रबरी वॉशर ठोकाठोकीत निघाला होता. मी सुधीरच्या चुलत्यांना बोलावून साबणाच्या फेसाचे फुगे दाखवले. ते मान डोलावत होते. काकी म्हणाल्या, "फुगे मला पण काढता येतात."

आमच्या कामाचं दुखणं हेच आहे. बरोबर केलं तर काहीच होत नाही. डॉक्टरनं वाचवलेला माणूस चालत घरी येतो, विहिरीतून काढलेलं पोर रडतं, ते लोकांना दिसतं. माझ्या हाती मात्र एक विझलेला दिवा होता आणि जसंच्या तसं उभं असलेलं घर. न झालेला स्फोट कुणाला दाखवणार? उलट तोपर्यंत दारं उघडून वास गेला होता, आणि शेजारणी म्हणू लागल्या होत्या की कंपनीचाच असेल, वारा फिरला म्हणून गेला.

घर मोकळं झाल्यावर काकींनी दिवा परत लावला. पण विझला तो विझला. दुसऱ्या दिवशी आप्पांचं ऑपरेशन झालं आणि ते शुद्धीवर आले नाहीत. विसर्जनाच्या दिवसापर्यंत सगळ्या अष्टमीत एकच वाक्य होतं, "दिवा विझवलान त्या गॅसवालीनं."

रोह्याच्या एजन्सीच्या शेठनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण धंदा करायचा होता. म्हणाले, "शालनबाई, नारळ घेऊन जा, गणपतीपुढे ठेवा आणि काकींची माफी मागा. विसर्जनाआधी. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"गॅस गळत होता शेठ."

"मला माहीत आहे. त्यांनाही बहुतेक माहीत आहे. तरी मागा."

घरी नवरा म्हणाला, "दोन शब्दांनी काय झिजतं तुझं? बाईचा नवरा मरणाच्या दारात हाय." त्याचं चुकलं नव्हतं. काकींसाठी माझा जीव तुटत होता. पण मी त्याला जे सांगितलं तेच आज इथं लिहिते. आज मी माफी मागितली, तर पुढच्या घरात, पुढच्या दिव्यापाशी मी क्षणभर थांबेन. हा कुणाच्या नावचा असेल, याची माफी मागावी लागेल का, असं मनात येईल. आणि आमच्या कामात तो क्षण जास्तीचा नसतो. माफी म्हणजे नुसते शब्द असते तर मी ते ढीगभर दिले असते.

मी गेले. शेठ सोबत होते, नारळ त्यांच्या हातात. गणपती पाटावरून उठवायची तयारी चालली होती. मी देवाला हात जोडले आणि काकींना म्हटलं, "आप्पा बरे होऊ देत, असं मी बाप्पाला सांगितलंय. पण दिवा विझवला त्याची माफी मी मागणार नाय. परत असा वास आला तर परत विझवीन."

शेठनी कपाळाला हात लावला.  काकी म्हणाल्या, "या घरात परत पाय ठेवायचा नाय."

त्यानंतर दोनेक दिवसांत आप्पा गेले.

मी खूप रडले. माफी मागितली नाही म्हणजे दुःख झालं नाही, असं समजू नका. अंत्ययात्रेच्या दिवशी मी पुलापर्यंत गेले आणि परत आले. बाजारात बायका मला बघून पदर सावरायच्या. कधीकधी भाकरी थापताना हात थांबायचा. खरंच दिव्याचं काही असेल तर? मग मला त्या चटईवरची मुलं आठवायची आणि मी भाकरी तव्यावर टाकायचे. शेठनी मला घरी बसवलं होतं. पण तक्रारी साठत गेल्या, नवा मेकॅनिक ओटीवर चहा पिऊन परत येऊ लागला आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी म्हटलं, येते, पण पिशवीतल्या कात्रीबद्दल आणि माझ्या फुंकरीबद्दल कुणी मला काही शिकवायचं नाही. ते म्हणाले, फक्त इंदूकाकींच्या घरी जाऊ नका. त्या घरची तक्रार आली की ते दुसऱ्याला पाठवायचे. मी त्याला जाताना बजावायचे, "वाकून बघ रे."

आता मी निवृत्त आहे. सिलिंडर मोबाइलवर नोंदवला जातो, माणूस दारात ठेवून जातो, आत कुणी कुणाला घेत नाही. दार उघडायच्या आधी कॅमेऱ्यात तोंड बघतात. गॅस ओळखून ओरडणारे डबेही निघालेत, चांगली वस्तू आहे. एका ओळखीच्या घरी तो डबा मी छताजवळ लावलेला पाहिला. म्हटलं, गॅस पायाशी आणि पहारेकरी माळ्यावर? तो खाली लावून घेतल्याशिवाय मी त्यांच्याकडे चहा घेतला नाही. दुसऱ्या एका घरी डब्याची पिनच काढून ठेवली होती. म्हणे, सारखा ओरडतो, कंपनीचा वास आला की ओरडत असेल. मी त्यांना काय बोलले ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर वनिताचा फोन आला. इतक्या वर्षांनी. "ताई, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. तुम्हाला बोलवतायत."

नवरा म्हणाला, नको जाऊ, म्हातारी शिव्या देईल. मी गेले.

वनिताचे केस पिकलेले. तिनं मला माजघरातून आत नेलं, कारण काकींना आता स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत ठेवलं होतं. माझं लक्ष काकींच्या खोकल्याकडे होतं आणि मला जोरात ठेच लागली. खाली बघितलं तर उंबरा. काळ्या दगडाचा, चांगला उंच, गुळगुळीत लादीला न शोभणारा.

"हा कधी बसवला?" मी अंगठा चोळत विचारलं.

"आप्पांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधी," वनिता म्हणाली. "लादी फोडून बसवायला लावलान सासूबाईंनी. सगळ्यांना ठेचा लागतात. का बसवला ते कुणाला सांगितलं नाय."

मी मागे वळून माजघरात पाहिलं. गणपतीच्या जागेवर, छतातून साखळीनं टांगलेला लामणदिवा होता. माणसाच्या डोक्याच्याही वर.

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे तेच. मी बसले. त्यांनी मला न्याहाळलं.

"माफी मागायला आली असशील तर जा माघारी," त्या म्हणाल्या.

"माफी मागायला नाय आले. बोलवलंत म्हणून आले."

"बरं केलंस." त्यांना दम लागला. वनितानं पाणी दिलं. मग त्या सावकाश बोलू लागल्या. "पयल्यांदा वाट बघत व्हते, ही बया कधी येऊन पाय धरते. धरले असतेस तर लाथ मारली असती. तू आली नायस. वर्षं गेली, तरी आली नायस. मग माझ्या मनात आलं, हिला खात्री हाय. तू येऊन रडली असतीस ना गो, तर मला जन्मभर वाटलं असतं, तुझ्या फुंकरीनंच गेले ते." त्या थांबल्या. "ते त्यांच्या दुखण्यानं गेले."

"व्हय काकी," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले.

"रडू नको. रडलीस तर परत शंका येईल मला."

मी डोळे पुसले. वनिता चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि मला राहवेना. मी उठले, तिनं काडी लावायच्या आत ओट्याखाली वाकले आणि लादीजवळ नाक नेलं. गुडघे करकरले.

आतून काकींचा आवाज आला, "काय गो, येतो काय वास?"

गॅसचा नव्हता. नळी नवी होती, वॉशर जागेवर होता. पण ओट्यावरची खिडकी उघडी होती, संध्याकाळ झाली होती, आणि वारा फिरला होता.

"येतोय," मी ओरडून सांगितलं. "कंपनीचा."

"मग खिडकी लाव ती."

मी लावली नाही.